चार बांगड्यांच्या मॅडम

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ‘पाळी’ हा शब्द मोठ्यानं उच्चारणारी एकच बाई होती, आणि ती रसायनशास्त्राची विभागप्रमुख होती. कॉलेज मुलींचं, शिकवणाऱ्याही बहुतेक बायकाच. तरी आम्ही सगळ्या ‘अडचण’ म्हणायचो, ‘कावळा’ म्हणायचो, अगदीच नाइलाज झाला तर एकमेकींकडे नुसतं बघायचो. मॅडम मात्र दारातूनच सांगायच्या, “खिडकी उघडा वं कोणीतरी. पाळी जाऊन राहिली माझी. जाता जाता घर पेटवून राहिली.”

इतिहासाच्या बाई मग वर्तमानपत्र उभं धरायच्या. कोपऱ्यात बसणारे मराठीचे एकुलते एक पुरुष प्राध्यापक काहीतरी आठवल्यासारखं करून ग्रंथालयाकडे निघून जायचे. त्या उन्हाळ्यात त्यांचं वाचन फार वाढलं.

एकोणीसशे सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन मॅडमच्या हाताखाली लागले होते. मॅडम मूळच्या नागपूरजवळच्या कुहीकडच्या. वडिलांची धानाची शेती. लग्न केलं नव्हतं, का केलं नाही असं विचारायची कोणाची छाती नव्हती. पीएच.डी.चा प्रबंध त्यांनी इंग्रजीत लिहिला होता, पण बोलणं गावचंच ठेवलं होतं. “इंग्रजीत रेणू समजते, माणूस नाही समजत,” असं म्हणायच्या.

नागपूरचा एप्रिल महिना आणि त्यात बाई पन्नाशीतली. बाहेरून ऊन भाजतंय आणि आतून कोणी तरी चूल पेटवतंय. मॅडमच्या पर्समध्ये कंगवा नव्हता, थर्मामीटर होता. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला की शिकवता शिकवता त्या तो तोंडात धरायच्या आणि खडूनं फळ्यावर लिहीत राहायच्या. मग तो उजेडात धरून वर्गाला सांगायच्या, “पाहा, ताप नाही. शरीर गरम झालंच नाही फारसं. मेंदूतला चौकीदार भैताड झाला, उगीच आग आग ओरडून राहिला.” फारच झालं तर त्या प्राणिशास्त्र विभागात जाऊन तिथल्या फ्रीजचं दार उघडायच्या आणि बेडकांच्या शेजारी डोकं घालून उभ्या राहायच्या. एकदा नव्यानं लागलेल्या एका मुलीनं त्यांना तशा पाठमोऱ्या पाहिलं आणि ती किंचाळली. आतून मॅडमचा आवाज आला, “ओरडू नको वं, बेडकं झोपली आहेत.”

त्यांचं खरं वैर मात्र उन्हाशी नव्हतं, एका शब्दाशी होतं. तो शब्द म्हणजे ‘नैसर्गिक’. वर्गात एखाद्या मुलीनं तो वापरला की मॅडम तिला उभी करायच्या.

“नैसर्गिक म्हणजे काय वं?”

“म्हणजे... निसर्गातलं, मॅडम. चांगलं.”

“विंचू निसर्गातला आहे. आणू का?”

शरीरातली स्त्रीसंप्रेरकं शिकवायला त्यांनी स्वतः एक साधन तयार केलं होतं. हिरव्या काचेच्या चार बांगड्या, तीन मोठ्या आणि एक लहान, काठाला काठ लावून दोऱ्यानं बांधलेल्या. दोन टोकांना एकेक मणी. “हे आपलं बाईपण,” त्या म्हणायच्या. “चार कड्या न् दोन मणी. शरीर याचा आकार ओळखते. हे कुठून आलं, कोण्या झाडाचं, कोण्या जातीचं, ते विचारत नाही. शरीराले पाट्या वाचता येत नाहीत.”

एकदा प्राचार्य तपासणीला वर्गात आले. बांगड्या पाहून त्यांनी हसत विचारलं, “हे काय, हळदीकुंकू आहे का?”

“नाही सर, हार्मोन आहे,” मॅडम म्हणाल्या आणि एक मणी काढून तिथं दुसराच अडकवला. “आणि हे आता तुमचं झालं. पुरुषाच्याही अंगात याच चार बांगड्या असतात. टोकाला जरासा फरक. निसर्गानं तुम्हालेही बांगड्या भरून ठेवल्या आहेत, फक्त दिसत नाहीत.”

प्राचार्यांनी उरलेली तपासणी बाहेरूनच केली.

मॅडमची स्टाफरूममधली जन्माची वैरीण म्हणजे गृहविज्ञानाच्या सुशीलाताई. शहरातल्या जुन्या महाल भागातल्या, भरल्या घरातल्या, मऊ बोलणाऱ्या, नेहमी कडक इस्त्रीची साडी. भांडणाचं मूळ प्रयोगशाळेच्या गॅसच्या नळीत होतं. नळी एक, विभाग दोन. सुशीलाताईंच्या मुली शिरा करायला लागल्या की मॅडमच्या मुलींचे बर्नर मिणमिणायचे. सुशीलाताई निसर्गाच्या भक्त. त्यांच्या शिऱ्यातसुद्धा निसर्ग असे. मॅडम त्यांना ‘तुमचा निसर्ग’ म्हणायच्या, जसं काही तो सुशीलाताईंचा नातेवाईक आहे.

आणि तरीही दोनेक वर्षांनी गोकुळपेठेतल्या महिला मंडळात मॅडमचं भाषण ठेवलं ते सुशीलाताईंनीच. त्या मंडळाच्या चिटणीस होत्या, ठरलेल्या कीर्तनकारबाई आजारी पडल्या होत्या आणि बटाटेवड्यांची ऑर्डर देऊन झाली होती.

विषय दिला होता ‘चाळिशीनंतरचे स्त्रीआरोग्य’. पहिल्या पाच मिनिटांतच मॅडम घोडीवर आल्या.

“या वयात डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यातल्या काही कशापासून होतात, माहीत आहे? गाभण घोडीच्या मुतापासून.”

सभेत वारं शिरल्यासारखं झालं. दोघींनी पदर तोंडाला लावला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शांतपणे विचारलं, “घोडी कोणत्या रंगाची?”

“रंगाचं सोडा आजी. मुद्दा असा आहे की ही गोळी पूर्ण नैसर्गिक आहे. पण नैसर्गिक कोणाले? घोडीले! त्यातले बरेच हार्मोन बाईच्या अंगात कधी नसतातच. आता दुसरं ऐका. जंगलात एक कंद होते. कारखान्यात त्याच्यावर ॲसिड ओतून, उकळून, तोडून-जोडून एक हार्मोन बनवतात. ते हुबेहूब आपलं. ही बांगडी तीच, हा मणी तोच. आता सांगा, नैसर्गिक कोणतं? घोडीचं, का कारखान्यातलं?”

सभा विचारात पडली. मॅडमच्या चेहऱ्यावर विजय दिसू लागला. तेवढ्यात मागून एकीनं विचारलं, “कंद आहे, म्हणजे उपासाला चालेल का हो?”

मॅडमनी त्यानंतर अर्धा तास जीव तोडून सांगितलं की नुसता कंद खाऊन काही होत नाही, आपल्या पोटात तो कारखाना नाही. “रताळं खाऊन बाया तरुण झाल्या असत्या,” त्या ओरडल्या, “तर दर एकादशीनंतर गावातल्या म्हाताऱ्या बाजूला बसल्या असत्या!” पण वडे आले होते. सभेनं भाषणातला आपल्याला हवा तो एकच शब्द उचलला आणि घरी नेला. कंद.

शब्द इतवारीच्या बाजारात पोचायला वेळ लागला नाही. तिथं एका गल्लीत केसांचं तेल विकणारे एक गृहस्थ होते. टक्कल पडलेलं असूनही त्यांचं तेल खपायचं, यावरून त्यांच्या बोलण्याची ताकद समजावी. दिवाळीच्या आतच त्यांच्या दुकानात छोट्या डब्या दिसू लागल्या. वर लिहिलेलं, ‘शुद्ध वनकंद. केमिकलविरहित. उपवासास चालते.’ मंडळातल्या निम्म्या बायकांनी एकमेकींपासून लपवून त्या घेतल्या. सुशीलाताईंनीही घेतली. त्यांनाही घाम फुटायचा, झोप उडायची. फक्त त्या कधी बोलल्या नव्हत्या. महिन्याभरात त्यांचा घाम थांबला. अंगावर तुकतुकी आली. वर्षभर त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

मग पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या.

सुशीलाताईंच्या घरचा तो मोठा कुळाचार. सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, सव्वाशे पान. पाळी जाऊन चारेक वर्षं झाल्यामुळे सगळं त्यांच्यावर सोपवून घर निर्धास्त होतं. आणि महालक्ष्म्या उभ्या राहायच्या आदल्या दिवशी सत्तावन्न वर्षांच्या सुशीलाताई बाजूला बसल्या.

घरात आधी गोंधळ उडाला, मग कौतुक सुरू झालं. महालक्ष्मीच्या जेवणाला आलेल्या बायका आत डोकावून त्यांना बघून जात होत्या. “तारुण्य परत आलं हो ताईंचं!” कंदाची बातमी फुटली आणि इतवारीत रांग लागली. सुशीलाताईंच्या सुनेनं मात्र एकटीनं पुरण वाटता वाटता ज्या नजरेनं निसर्गाकडे पाहिलं असेल, ती मी कल्पू शकते.

ही गोष्ट सोमवारी स्टाफरूममध्ये कुजबुजत पोचली. मॅडम चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, “चाल.”

आम्ही रिक्षानं महालात गेलो. सुशीलाताई माजघराच्या खिडकीशी चटईवर बसल्या होत्या. मॅडम सरळ जाऊन त्यांच्या चटईवरच बसल्या. दारातल्या सासूबाई “अहो, शिवाल!” म्हणेपर्यंत शिवून झालं होतं.

“अजून जाऊन राहिलं का?” मॅडमनी विचारलं.

“तुम्हाला कोणी सांगितलं? ही काय बोलायची...”

“जाऊन राहिलं का नाही?”

“हो. थांबत नाहीये.” सुशीलाताईंचा आवाज एकदम बारीक झाला. “सगळ्या चांगलं म्हणताहेत. मला मात्र भीती वाटते आहे.”

“भीती बरोबर आहे तुमची. बंद झाल्यावर परत येते ते तारुण्य नसते, ताई. ते फक्त रक्त असते. ती डबी कुठं आहे?”

डबी घेऊन आम्ही कॉलेजात आलो. मॅडमनी ती पूड स्पिरिटमध्ये ढवळली, गाळली, आटवली, आणि उरलेल्या डागावर माझ्याकडून जपून गंधकाम्ल टाकवलं. परीक्षानळी खिडकीतल्या उन्हात धरली. आत नारिंगी रंग आला आणि त्याच्या काठाला हिरवट झळाळी उठली. मग मॅडमनी आपल्या पर्समधून एक गोळी काढली, तिच्यावर तोच प्रयोग केला. अमेरिकेत असलेली त्यांची भाची तीन वर्षांपासून त्यांना घामावर त्या गोळ्या पाठवायची, आणि घाम थांबला होता. या गोळीचा रंग थोडा निराळा होता, पण झळाळी तीच, हिरवट.

“म्हणजे यात हार्मोनच आहे?” मी विचारलं.

“कंद कुठला, पीठ आहे रताळ्याचं. आणि त्यात वाटलेल्या गोळ्या. मापाशिवाय.” मॅडमना राग आला होता, पण थोडा आनंदही झाला होता. “काय म्हणे केमिकलविरहित! पाह्य, निसर्ग कसा चमकून राहिला.”

दुसऱ्या दिवशी धंतोलीतल्या दवाखान्यात आम्ही तिघी. डॉक्टरीणबाई मॅडमच्या ओळखीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सुशीलाताईंना तपासलं, डबीची हकिगत ऐकली. आतलं अस्तर वाढलं असणार, खरवडून तपासणीला पाठवावं लागेल, असं सांगितलं. मॅडमनी मान डोलावली आणि सुशीलाताईंना निसर्गावर एक छोटं व्याख्यान द्यायला सुरुवात केली. ते पुरतं ऐकून घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि तुमचं काय? त्या अमेरिकेच्या गोळीबरोबर मी सांगितलेली दुसरी गोळी घेता का?”

मॅडम थांबल्या. “ती? ती नाही घेत.”

“का?”

“तुम्ही देता ती खरी नाही. आपल्या शरीरातलं दुसरं हार्मोन वेगळं, हे त्याचं नकली रूप आहे. आकार जुळत नाही. चुलतबहीण आहे ती. मी फक्त जे माझं हुबेहूब आहे तेच घेते.”

“तीन वर्षं? एकटीच गोळी?”

“तीच तर आहे, जी माझ्या अंगात होती! माझंच ते मले काय करणार?”

“तुमच्या अंगात ती एकटी होती का?” डॉक्टरीणबाईंनी तितक्याच थंडपणे विचारलं. “अंडाशय पहिलीला थोडं थोडं सोडतं, कधी जास्त, कधी कमी, आणि मागून दुसरीला पाठवतं. दुसरी येऊन अस्तर आवरते. तुम्ही वस्तू तीच आणली, पण रीत नाही आणली. पहिली रोज पसारा करते आणि आवरायला कोणीच नाही.” मग पेन उचलून, “डाग दिसतात का?”

मॅडम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. 

“थोडे,” त्या शेवटी म्हणाल्या. “उन्हाळ्यापासून.”

तेव्हा सुशीलाताई, ज्यांनी गॅसच्या नळीवरूनसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता, त्या मॅडमकडे वळून म्हणाल्या, “म्हणजे तुमचंही सोवळंच की हो! माझं कंदाचं, तुमचं आकाराचं. त्या चुलतबहिणीचा विटाळ झाला तुम्हाला.”

मला वाटलं आता दवाखाना पेटतो. पण मॅडम म्हणाल्या, “हाव. तसंच झालं बापा.”

दोघींना शेजारी शेजारी खाटा मिळाल्या. एक निसर्गाची भक्त, एक निसर्गाची वैरीण. दोघींचं अस्तर सारखंच वाढलेलं. अहवाल आले तेव्हा सुशीलाताई सुटल्या. डबी बंद करून औषधांवर भागलं. मॅडमच्या पेशींनी मात्र वळण बदलायला सुरुवात केली होती. पिशवी काढावी लागणार होती, आणि लवकर.

ही बातमी ज्या वेगानं पसरली, तो पाहून कंदाची बातमीसुद्धा लाजली असती. “केमिकल घेत होत्या ना, मग दुसरं काय होणार,” असं इतिहासाच्या बाई म्हणाल्या. प्राचार्यांनी शोक केल्यासारखा चेहरा करून चार बांगड्या कपाटात ठेवायला सांगितल्या. इतवारीतले गृहस्थ तर गिऱ्हाइकांना मॅडमचं उदाहरण देऊ लागले: बघा, रसायनाच्या मोठ्या पंडिता, काय गत झाली, आणि इकडे आमचा कंद घेऊन एका बाईंचं तारुण्य परत आलं!

ते तारुण्य भुलाबाईच्या संध्याकाळी मंडळात उभं राहिलं. मॅडमचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. गाणी म्हणून झाली, खिरापत ओळखून झाली, आणि सुशीलाताई चिटणीस म्हणून आभार मानायला उठल्या. त्यांनी कोणाचेच आभार मानले नाहीत. पदर सावरला, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “माझं तारुण्य परत आलं नव्हतं. मला आजार झाला होता. त्या डबीत वाटलेल्या गोळ्या आहेत, मॅडमनी त्या काचेच्या नळीत चमकताना पाहिल्या आहेत. ज्यांच्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी उद्या धंतोलीत जाऊन तपासून घ्या. मॅडमचं चुकलं ते वेगळं. त्यांनी खरी वस्तू अर्धी घेतली. आपण खोटी वस्तू पुरी घेतली.”

 दुसऱ्या दिवशी सकाळी धंतोलीच्या दवाखान्याबाहेर बसायला जागा नव्हती, आणि आठवडाभरात इतवारीतले गृहस्थ पुन्हा तेलाकडे वळले.

मॅडम बऱ्या झाल्या. रोग आतच होता, बाहेर पसरला नव्हता. पुढं निवृत्त होऊन बरीच वर्षं जगल्या आणि भांडल्या. घाम मात्र परत सुरू झाला, आणि आता त्यावर गोळी नव्हती. वर्गात त्या संप्रेरकं शिकवायच्या तेव्हा स्वतःची हकिगत पहिल्याच तासाला सांगून टाकायच्या. “वस्तू शंभर टक्के तीच होती, पोट्टींनो. तरी मी चुकली. पाणी तेच असते. पाटानं आलं तर धान पिकते, पूर होऊन आलं तर वाहून जाते.” ‘नैसर्गिक’ म्हणणाऱ्या मुलीला उभी करणं त्यांनी काही सोडलं नाही. फक्त आता ‘हुबेहूब’ म्हणणारीलाही उभी करू लागल्या.

पण मला त्यांची आठवण येते ती भुलाबाईच्या दुसऱ्या दिवसाची. दवाखान्यात मी आणि सुशीलाताई डबा घेऊन गेलो होतो. काढलेली पिशवी तपासणीला पाठवायची होती आणि मॅडमनी हट्ट धरला होता की त्यांना स्वतःला दाखवल्याशिवाय ती कुठं जाणार नाही. नातेवाईकांना दाखवतात, पेशंटला नाही, असं नर्स म्हणाली. “नातेवाईक मीच आहे तिची,” मॅडम म्हणाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी काचेची बरणी आणून पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली.

पाण्यासारख्या औषधात काहीतरी फिक्कट, लहानशा पेरूएवढं तरंगत होतं. मॅडम उशीवरून मान वाकडी करून पाहत राहिल्या.

“एवढंसंच?” त्या म्हणाल्या.

सुशीलाताईही पुढं झुकल्या. मला वाटलं त्या तोंड फिरवतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि बरणीच्या अगदी जवळ गेल्या.

“याच्यापायी,” त्या हळूच म्हणाल्या, “याच्यापायी मी जन्मभर महिन्यातले चार दिवस लोणच्याला हात लावला नाही होय?”

मॅडमच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मी घाबरून उठले. त्या हसत होत्या. पोटावरचा पट्टा दोन्ही हातांनी दाबून, डोळ्यांतून पाणी काढत. “ताई, नको... टाके... टाके दुखून राहिले वं...” त्या म्हणत होत्या आणि थांबत नव्हत्या. मग सुशीलाताईंचंही सुटलं. कडक इस्त्रीच्या साडीचा बोळा तोंडात कोंबून त्या खाटेच्या कडेला वाकल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते, पडू नये म्हणून धरावेत तसे.

नर्स धावत आली, रागावली, बरणी उचलायला गेली.

“राहू दे जरा,” मॅडम श्वास गिळत म्हणाल्या. “अजून पाहून नाही झालं आमचं.”